जेवणानंतरची गोळी
तुम्ही हसाल, पण त्या वेळी माझा जीव टांगणीला लागला होता. बालाघाटात खाणीजवळ मी नुकताच दवाखाना उघडला होता. सांधे सुजलेल्या सेवंताबाईंना मी स्टेरॉइडची गोळी दिली आणि बजावलं, "सकाळी आठला घ्या, पण जेवल्यावरच." शरीराचं स्वतःचं तसलंच संप्रेरक सकाळी वाढतं आणि संध्याकाळी उतरतं. गोळी संध्याकाळी घेतली तर झोप उडते, एवढं मी शिकून आलो होतो.

आठवड्यानं बाई आल्या. "डॉक्टरसाहेब, सांधे बरे हायेत, पण डोयाले डोया लागत नाही."

माझंच काही चुकलं, या धास्तीनं मी पुस्तकं चाळली. शेवटी भीतभीत विचारलं, "गोळी कधी घेता?"

"जेवल्यावर. तुमीच सांगतलं ना?"

"आणि जेवता कधी?"

"मालक खदानीतून आले का, सांजच्याले. त्याईच्या आधी कशी जेवू मी?"

मग मी अर्धा तास संप्रेरकं समजावली. बाई "हौ, हौ" म्हणत निघून गेल्या.

महिन्यानं आल्या त्या टवटवीत होऊन. आपलं शास्त्र कुणाला तरी पटलं, म्हणून मी सुखावलो. तेवढ्यात मागून त्यांचा नवरा आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"साहेब, हिनं खदानीच्या बाबूले सांगून मले कायमची रातपाळी लावली. मी सकाळी येतो, जेवतो, मंग हे जेवून गोयी घेते. पण बिमारी हिची, गोयी हिची, अन् जागरण मले काहून?"