सावेमास्तरांचे बांबूचे पाय

स्टिल्ट म्हणजे काय, हे आमच्या बोईसरच्या सोसायटीत आता कुणाला विचारावं लागत नाही. इमारतीखालच्या, नुसत्या खांबांच्या त्या मोकळ्या पार्किंगमध्ये राऊतांना भिंत घालून खोली काढायची होती. सावेमास्तरांचा कडवा विरोध. पार्किंगमध्येच मीटिंग भरली, तर मास्तर मासवण गावाहून, पाय ठेवायला पावठे ठोकलेले दोन बांबू घेऊन हजर.

"इंग्रजीत या लाकडी पायांना स्टिल्ट म्हणतात. आपली इमारतही पायांवरच उभी आहे. पायांमध्ये कुणी भिंत घालतं का?" असं म्हणत मास्तर बांबूंवर चढलेसुद्धा. टाळ्याच टाळ्या. चार पावलांत मास्तर डुलायला लागले. खांब हाताला लागेना.

राऊत म्हणाले, "मास्तर, उतरता येतं का नाय?"

"चढण्यापुरतंच शिकलोय. राऊत, ती भिंत कुठं घालणार होतात? लवकर घाला."