ओळखीची सही

आबिड्सच्या पोस्टात रजिस्ट्रीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे वकील आणि त्यांची ज्युनिअर उभी होती.

“सर, नका ना सनद परत पाठवू. चाळीस वर्षांची वकिली आहे.”

“चाळीस वर्षं ‘या इसमास मी जातीने ओळखतो’ याखाली सह्या केल्या, त्रिवेणी. बहुतेक चहा पिता पिता.”

“हौ, सगळेच करतात. कारकून कागद पुढे करतो, आपण सही करतो. पक्षकाराचं तोंड कोण बघतं?”

“तेच तर. मलकपेठच्या तारामतीबाईंच्या पुतण्यानं भलतीच बाई तारामती म्हणून उभी केली आणि घर विकून टाकलं. ओळख पटवणारी सही माझी.”

“म्हणजे तुम्हालाही फसवलंच की.”

“फसायला आधी बघावं लागतं. मी मान वर केली नव्हती.”

“मग चुकीची भरपाई करा. तारामतीबाईंच्या बाजूनं साक्ष द्या, केस मी लढते.”

“सोमवारी पोलिसांचा फोन आला. फुटपाथवर एक म्हातारी मेलेली सापडली. पिशवीत त्याच घरविक्रीच्या कागदाची झेरॉक्स होती आणि त्यावर माझं नाव. म्हणून मला शवागारात बोलावलं.”

“अरे देवा.”

“पुतण्यानं यायला नकार दिला. इन्स्पेक्टरनं चादर बाजूला केली आणि विचारलं, वकीलसाहेब, या तारामतीबाईच ना? तुम्ही ओळखता, असं तुमच्या सहीनं लिहिलंय.”

“मग? काय म्हणालात?”

“खूप वेळ बघत राहिलो, त्रिवेणी. मग म्हणालो, नाही ओळखत.”

“आणि त्या बाई?”

“काल बेवारस म्हणून जाळल्या.”