साळिंदराच्या घरी

स्नेहल : आबा, रिमोट कुठं ठेवलात?

कोंडाजी : मला काय ठावं.

स्नेहल : तुमच्या बंडीच्या खिशातून टोक दिसतंय त्याचं.

कोंडाजी : दिसू दे. आज टीव्ही लागायचा न्हाई या घरात.

स्नेहल : अहो, हे येतील आता शेतावरून. त्यांच्या कार्यक्रमाची वेळ झाली.

कोंडाजी : त्यांचा कार्यक्रम म्हनं. बोलायला तरी बरं वाटतंय का तुला? माजा ल्योक, लोनावळ्याच्या टेसनावर ज्याच्या टॅक्सीची वाट बगत लोक हुबं ऱ्हायचं, त्यो हितं मांडी घालून साळिंदराचं कार्टून बगतोय. नात सृष्टी बगती ते समजतं, लेकरू हाय. पर ती अंगणवाडीत गेली तरी ह्येचं चालूच.

स्नेहल : तिच्यामुळंच बघायला लागले ते.

कोंडाजी : काल बजरंग पारावर समद्यांदेखत इचारतोय, "कोंडाजीभाऊ, आज साळूनं काय केलं?" पोरं खिदळली. म्या खाली मान घालून घरी आलो. या वयात.

स्नेहल : घाटात त्यांनी जे बघितलं ते बजरंगभाऊंनी बघितलं असतं, तर नसते हसले.

कोंडाजी : घाटाचं नाव काढू नगंस. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अजून घाटच का? ट्रक दुसऱ्याचा, मोटार दुसऱ्याची, मेलेला मानूस दुसऱ्याचा. आपला नुसता मागनं येत हुता. त्याला खरचटलं बी न्हाई. मंग गाडी ताडपत्रीखाली का? रातभर अंगणात येरझाऱ्या का? हे आजारपन न्हाई, स्नेहल. हे बाहेरचं हाय.

स्नेहल : म्हणून दत्तोबामामांची जीप बोलावलीत?

कोंडाजी : तुला कोन बोललं?

स्नेहल : मामी भेटल्या सकाळी नळावर. डोंगराच्या पलीकडं कुणी देवऋषी आहे, त्याच्याकडं नेणार म्हणाल्या. आणि ह्यांना तुम्ही सांगितलंय, मामांच्या व्याह्यांकडं जेवण आहे.

कोंडाजी : खरं सांगितलं तर येईल का त्यो?

स्नेहल : तिथं काय करतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला? कानाशी हलगी बडवतात. धुरात बसवतात. आमच्या सुदुंबऱ्यात एका पोरीला असंच नेलं होतं. परत आली ती कोपऱ्यातून उठेना. आबा, घरात कुकरची शिट्टी झाली तर हे उठून अंगणात जातात. त्यांना तुम्ही हलगीपुढं बसवणार?

कोंडाजी : मंग काय करू? तूच सांग. माजी खाट वसरीवर. त्यो रातच्याला चालतो, म्या हिकडनं तिकडं कूस बदलतो. पावलं थांबली की मनात येतं, गेला कुटं? उटून बगतो. परत चालाय लागला की बरं वाटतं. आपलं पोर झोपंना, नुसतं चालतंय, आन बापाला त्येचं बरं वाटावं? आसं कुटं असतं का?

स्नेहल : मीही जागीच असते, आबा.

कोंडाजी : ठावं हाय मला. आत बांगडी वाजती तुजी.

स्नेहल : बसा जरा. सकाळपासून दारात जाताय आणि येताय.

कोंडाजी : बसवत न्हाई. दत्तोबा कवाबी फोन करंल.

स्नेहल : एक विचारू? त्यांचा उजवा पाय बघितलात कधी?

कोंडाजी : पायाला काय झालं?

स्नेहल : बसले की हलत राहतो. ब्रेकचा पाय. खाटेवर बसले की खाट करकरते, जेवायला बसले की ताट वाजतं. त्यांना कळतही नाही. मी काही बोलले नाही कधी. एक दिवस सृष्टी ते साळूचं लावून बसली होती, हे मागं खाटेवर होते. मी आत भाकरी थापत होते. खाटेचा आवाज बंद झाला. मला वाटलं, उठून गेले. बघते तर तिथंच होते. आणि पाय थांबला होता.

कोंडाजी : कार्टून बगून?

स्नेहल : हो.

कोंडाजी : आसं काय हाय त्यात?

स्नेहल : काहीच नाही. खरंच काही नाही. साळिंदराचं कुटुंब आहे, आईबाप, आजी, साळू आणि तिचा धाकटा भाऊ. कुणाचा पतंग झाडावर अडकतो, मग सगळे मिळून काढतात. धाकट्याला झोप येत नाही, मग आजी त्याला शेजारी घेते. संपलं. कुणी कुणावर ओरडत नाही. कुणाला कुठं पोचायची घाई नाही.

कोंडाजी : साळिंदरं आमची रताळी उकरून नेत्यात, आन टीव्हीत गुणाची झाल्यात.

स्नेहल : मलाही आधी हसू यायचं. आता मीही कणीक मळता मळता दारात उभी राहते. आपल्या घरात कधी एवढं हळू बोललोय का आपण कुणाशी, असं वाटतं.

कोंडाजी : आमाला काय ओरडायची हौस हाय?

स्नेहल : तुम्हाला नाही म्हटलं. सगळ्यांना म्हटलं. मलासुद्धा. आणि तळेगावच्या डॉक्टर म्हणाल्या, त्यांना बरं वाटतंय ना, बघू द्या.

कोंडाजी : कोन डॉक्टर?

स्नेहल : मी घेऊन गेले होते त्यांना. माहेरी जातो असं सांगून.

कोंडाजी : मला न सांगता?

स्नेहल : हो.

कोंडाजी : येड्यांचा डॉक्टर?

स्नेहल : माणसांचा डॉक्टर. गोळ्या दिल्यात. हळूहळू झोप लागेल म्हणाल्या, पण येत राहावं लागेल, बोलत राहावं लागेल. उद्या परत बोलावलंय. तुम्हाला सांगणारच होते. धीर होत नव्हता.

कोंडाजी : घरातली मानसं एकमेकाला फसवाय लागली मंजी झालंच.

स्नेहल : मी तळेगावचं लपवलं, तुम्ही जीपचं. कुणी कुणाला काय बोलायचं?

(निलेश अंगणातून आत येतो. पाय धुतलेले, ओलेच. उभ्यानंच टीव्हीकडं बघतो.)

निलेश : लाइट गेलीय का?

स्नेहल : नाही. आहे लाइट.

निलेश : मग चालू न्हाई केला अजून. राहू दे. आबा, कधी निघायचंय आपल्याला?

कोंडाजी : दत्तोबाचा फोन येईल. फाटकापाशी थांबतो म्हनला.

निलेश : मला पुढं बसवू नका. मी मागं बसतो, तोंड उलटं करून. समोरचा रस्ता दिसला की मला कसंतरी होतं. मामांना आधीच सांगून ठेवा, नायतर ते पुढंच ओढत्यात.

कोंडाजी : सांगतो.

निलेश : आणि जेवण झाल्यावर लगेच निघू. लोकांत जास्त बसवत न्हाई मला. तुमी म्हणालात म्हणून येतोय.

स्नेहल : आबा, सांगा त्यांना.

निलेश : काय?

स्नेहल : तुम्ही सांगता का मी सांगू?

कोंडाजी : म्याच सांगतो. जेवान बिवान कायबी न्हाई, निलेश. तुला देवरुषाकडं न्यायचं ठरीवलं हुतं. म्या आन दत्तोबानं.

निलेश : मला वाटलंच होतं.

कोंडाजी : वाटलं हुतं?

निलेश : व्याह्यांकडं कधी जेवायला गेलोय का आपण? आणि तुमी कालपासनं माझ्याकडं नीट बघितलं न्हाई.

कोंडाजी : मंग यायला तयार कसा झालास?

निलेश : म्हटलं, जाऊन येऊ. तुमाला तरी झोप लागंल.

कोंडाजी : माजी झोप?

निलेश : रोज उठून बघताय तुमी मी हाय का न्हाई ते. मला दिसतं. मला वाटतं थांबावं, पण पाय थांबत न्हाई.

कोंडाजी : हितं बस. स्नेहल, तू बी बस. निलेश, तुला काय दिसतं? म्या आजवर इचारलं न्हाई. आता इचारतो.

निलेश : तुमीच म्हणालात ना, घाटाचं नाव काढू नको.

कोंडाजी : आता म्हनतो, काढ.

निलेश : एक पोरगं होतं, आबा. आपल्या सृष्टीएवढं. मोटार अशी चेपलेली. मागच्या काचेतनं ओढून काढलं मी त्याला. पुढं त्याच्या बापाला काढायला लोक खटपट करत होते. मी त्याला घेऊन बाजूला कठड्यापाशी बसलो, त्याला दिसू नये म्हणून. रडत नव्हतं. एकच विचारत होतं, "पप्पा उतरले का?" परत परत. "काका, पप्पा उतरले का?"

स्नेहल : हे मलाही नव्हतं सांगितलं तुम्ही.

निलेश : कसं सांगू? बापाचं तोंड मी बघितलं होतं. हो म्हणता येईना, न्हाई म्हणता येईना. त्याच्या बुटाची नाडी सुटलेली, ती बांधत बसलो. परत सोडायची, परत बांधायची. मग गाडी आली, त्याला घेऊन गेले. पुढं कुणाकडं दिलं, आई होती का त्याला, कायच कळलं न्हाई. चौकीवर जाऊन विचारलं मी. परगावचे होते म्हणाले, नातेवाईक घेऊन गेले.

कोंडाजी : तू चौकीवर बी जाऊन आलास?

निलेश : दोनतीनदा. आता डोळा मिटला की त्यो विचारतो. मग उठून चालायला लागतो. चालताना थोडं कमी ऐकू येतं.

कोंडाजी : आन त्या कार्टुनात?

निलेश : हसाल तुमी.

कोंडाजी : न्हाई हसत.

निलेश : साळूच्या बापाची एक लाल गाडी हाय. खटारा. कुटंबी जायला निघाली की चिखलात रुतती, न्हायतर बंद पडती. मग सगळी खाली उतरत्यात. आजी उतरती, पोरं उतरत्यात, बाप उतरतो. बाप म्हणतो, "हरकत नाही, चालत जाऊ." आणि जात्यात चालत. गाणं म्हणत. आबा, मला कळतं ते खोटं हाय. चित्रं हायत. मी काय येडा न्हाई. पण तेवढा वेळ मला माहीत असतं, आता कुणाला काय होणार न्हाई. दुसरीकडं कुटंच असं माहीत नसतं. तुमी अंगणातनं रस्त्यावर गेलात तरी मला धाकधूक वाटती.

स्नेहल : आणि सृष्टी गाडीवर मागं बसली की.

निलेश : तिचं तर नावच काढू नको.

कोंडाजी : मला वाटलं, तू लहान झालास. लोकं म्हनत हुती, मला बी तसंच वाटलं.

निलेश : झालो असतो तर बरं झालं असतं.

स्नेहल : फोन वाजतोय, आबा. दत्तोबामामा.

कोंडाजी : दे हिकडं. हॅलो. व्हय, बोल दत्तोबा. आलास फाटकापाशी? न्हाई, थांबू नगंस. आज येत न्हाई आमी. उद्या बी न्हाई. उद्या तळेगावला जायाचंय, डॉक्टरकडं. व्हय, म्या बी जानार बरूबर. आरं, त्या बाबाला काय सांगायचं ते तू सांग, कोंडाजीनं नगं म्हनलं म्हून सांग. आता? आता काय न्हाई, टीव्ही बगतोय निलेशसंगं. त्येच ते, साळिंदराचं. न्हाई, सृष्टी कुटं हाय घरात, ती अंगणवाडीत. आमीच बगतोय. बजरंग हाय वाटतं तुज्याजवळ? सांग की त्याला बी. बरं, ठिवतो.

निलेश : आबा, कशाला सांगितलं तसं? आता गावभर करत्याल.

कोंडाजी : करू दे. घे ह्यो रिमोट. मला कुटलं बटान दाबायचं ते कळत न्हाई.

स्नेहल : सुरू झालेलं असेल. अर्धं गेलं असेल.

निलेश : चालतंय. कुठनंबी बघितलं तरी कळतं.

कोंडाजी : ही कोन? म्हातारी?

निलेश : आजी. तिचा चष्मा हरवलाय. सगळी शोधत्यात.

कोंडाजी : आन हा बारका काय करतोय मडक्यात तोंड घालून?

निलेश : शोधतोय. त्याला वाटतं चष्मा गोड खायला गेला असंल.

कोंडाजी : आमच्यात आसं कुनी काय हरवलं की आधी शिव्या. ही म्हातारी तर हसतीया.

निलेश : तिला घाई न्हाई. ती म्हणती, दिसत न्हाई तवर ऐकू या.

कोंडाजी : आईक. पाखरू बोलतंय मागं. आपल्या चिंचेवर येतं तसलं.

निलेश : हं.

कोंडाजी : बापाची गाडी कुटं हाय? आज बाहेर काढली न्हाई व्हय?

निलेश : आधी काढली असंल. आपण उशिरा लावलं.

कोंडाजी : मंग आता चालतच फिरायचं त्यांनी. बरं हाय. हा बारका आता कुटं चालला? इहिरीकडं? आरं, त्याला कुनी अडवा. निलेश, इहिरीकडं चाललाय त्यो.

निलेश : काय न्हाई होत, आबा. बाप हाय मागं.

कोंडाजी : हाय का? हां, हाय. दिसला मला. धरलं बोट त्यानं. आता ती मोठी पोर कपाट उघडती बग. तितं असंल, न्हाई का? निलेश? आरं, बोल की.

स्नेहल : आबा, हळू. झोपलेत ते.

कोंडाजी : झोपला?

स्नेहल : भिंतीला मान टेकून. पाय बघा. अगदी शांत आहे.

कोंडाजी : उशी आन. न्हाई, नगं, हलवू नगंस. तसाच आसू दे.

स्नेहल : भात झालाय. तुम्ही जेवून घेता का? बंद करते मी टीव्ही.

कोंडाजी : आसू दे चालू. आवाज तेवढा बारीक कर. म्हातारीचा चष्मा अजून गावला न्हाई.