मीनाने चहा नाकारला तेव्हा

चहावरून आठवलं. संपात बाबांची गिरणी बंद पडली, त्याला काही वर्षं झाली होती. माझी बहीण मीना ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात गेली होती आणि तिचं लग्न आमच्या परळच्याच एका कॅथलिक मुलाशी ठरत होतं. आम्ही त्यांच्या चाळीत गेलो, तेव्हा बाबांनी तिला बजावलं, "जास्त बोलू नकोस, जमलेलं मोडेल."

मुलाच्या आईने चहा पुढे केला. मीना म्हणाली, "आमच्या पंथात चहा चालत नाही, आंटी."

आंटी ताठ झाल्या. "ख्रिश्चन आणि चहा नाही? तुम्ही लोक येशूला तरी मानता का?"

"मानतो ना. बायबलही मानतो. पण आमचा आणखी एक ग्रंथ आहे, मॉर्मनचा. तुम्ही म्हणता, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. आम्ही म्हणतो, ते तिघं वेगळे, पण मनाने एक."

बाबा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं सगळं.

"आणि लग्न?" आंटींनी विचारलं. "आमचं मरेपर्यंत असतं."

"आमच्या मंदिरात लागलेलं मेल्यानंतरही टिकतं."

शेजारी चहा पीत बसलेले अंकल, मुलाचे वडील, दचकले. "म्हणजे, मेल्यानंतरही हीच?"

आधी आंटींनाच हसू फुटलं. "पोरगी लपवत नाही काही," त्या म्हणाल्या. "मला पसंत आहे."

गिरणी गेल्यापासून मान खाली घालून चालणारे आमचे बाबा, जिना उतरताना भेटेल त्याला सांगत होते, "ही माझी मुलगी!"