रस्ता माहा, लात सलीमची

मी मेडशीचा, भाऊ. माय-बाप दुसऱ्याच्या वावरात, न मी दहावीत असतानी सोयाबीन काढाच्या मशीनीत हा डावा हात गेला, मनगटाच्या वरून. आता त्याचं रडगानं नाई गात मी, झालं थे झालं, पन लोकं असे पाहत जसा मी मेलोच न फोटोले हार घालनं बाकी हाये. म्हून मामानं मले मंगरूळले आनलं, शिक म्हने, तठी यष्टी ष्ट्यांडाच्या मांगं गेमचं दुकान होतं न थेच माही शाळा झाली, काय सांगू तुमाले.

गेम कोनता, त फटफटीचा. रेस बी लावाची न बाजूवाल्याले लात बी हानाची, त्याच्या हातची साखळी हिसकाची न त्याच्याच पाठीत घालाची, मांगून पोलीस. पयले थो टीवीले डब्बा जोडून चाले, मानसं नुसते ठोकळे, तोंड दिसे नाई. मंग कंप्युटर आला न त्यात थेच फटफटी आली, गाने काय, डोंगर काय, समिंदर मी पयल्यांदा तठीच पाह्यला. पन कीबोर्डले दोन हात लागत, एकानं गाडी वळवा, दुसऱ्यानं लात हाना. मी नुसती गाडी हाकू न मार खाऊ. एक सलीम नावाचा पोट्टा होता, दर्ग्यापाशी त्याच्या बापाचं पंचरचं दुकान, थो म्हने, अबे, फुकटचा मार कायले खाऊन राह्यला, सरक. न बसला माह्या डाव्या आंगानं त्याच खुर्चीवर, अर्धा खाली लोंबून. रस्ता माहा, लात सलीमची. बाप्पा! दुकान हालवून टाकलं आमी.

मंग दोन हातवाले पोट्टे बी तसेच खेळाले लागले, एक हाकनारा, एक मारनारा, दुकानाची रीतच पडली. कोनी एकटा बसला त लोकं म्हनत, काहून रे, दोस्त नाई काय तुले? न हारलं का भांडन, तू वेळेवर मारलं नाई, तू गाडी खेटवली नाई, मी न सलीम त अबोला धरत होतो अबोला, बायकायसारखा.

पुढं अकोल्याले सलीमच्या मामाच्या घरी त्या गेमचा नवा भाग पाह्यला, त त्यात फटफटीले बाजूनं डबी जोडलेली, जुन्या स्कूटरले राहे तशी, एक जन चालवते न डबीतला मारते. सलीम उठून उभाच राह्यला, अबे, हे त आपलं चोरलं यायनं! कंपनीवाल्यायले मंगरूळ कोन दाखवलं असन, मी हासू हासू लोळलो.

पन त्याच्यानंतर त्या गेमचं नवीन येनंच बंद झालं. सलीम पुन्याले गेला कामाले, दुकान मोडलं, मले अपंगाच्या कोट्यातून एसटीडी फोनचा डब्बा भेटला, थो आता रिचार्जचा न कव्हरचा झाला, लगन झालं, पोरगी झाली प्रज्ञा. बरं चाललं, खोटं कायले बोलू. फक्त त्या फटफटीवर हाकनं न मारनं दोनी एकट्यानं कवाच केलं नाई, न थे मनात सलत राहे. तुमी हासान, एवढा बाप्या मानूस न गेमसाठी झुरते. हासा. पन मले शर्टाच्या बटनाले बी कोनी ना कोनी लागलं, एक त गोष्ट माही एकट्याची पाह्यजे होती ना.

मंग मोबाईलवर तशाच फटफट्या आल्या, दुसऱ्यायनं काढलेल्या, पन त्याले दोनी आंगठे लागत. प्रज्ञानं एक असा शोधून आनला का त्यात लात आपोआप बसे. मी खेळलो न जिंकलो, न डोकंच फिरलं माहं. लात कोन मारली म्हनलं. थे म्हने, बाबा, फोनच मारते. म्हनलं, मंग बक्षीस बी फोनलेच दे, मले कायले बसवलं, काढून टाक थे!

पन पोरगी माहीच, हट्टी. दुसरा गेम घेऊन आली, त्याच्या सेटिंगात घुसली न म्हने, आता धरा. फोन जिकडं कलवला तिकडं गाडी वळे, न आंगठा मोकळा. आंगठ्यानं लात. एका हातात सारं! थे म्हने, शिकवू? म्हनलं, तू सरक तिकडं.

गाडी सुटली. पयल्याच वळनावर एकाले अशी हानली का थो गेला रस्ता सोडून. मी वरडलो, दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. त्याच तोऱ्यात पुढून ट्रक आला न मी त्याच्यावर. शेवटून पयला आलो. सलीमले शिवी द्याले डावीकडं वळलो, त तठी कोनी नाई. चूक सारी माहीच. डोळ्यातून पानी आलं भाऊ, प्रज्ञा भेली, काय झालं बाबा म्हने. म्हनलं, काई नाई वं माय, हारलो.

सलीमले फोन लावला. थो म्हने, मंग आता मी काय करू बे? म्हनलं, ये न बाजूले बस, मुकाट्यानं. दर्ग्याच्या उरसाले येतो म्हने, सुखी राहो बिचारा. परवा मी तिसरा आलो, पन थे जाऊ द्या. मी रोज एक डाव खेळतो, भाऊ, न हारलो त माह्या हातानं हारतो.