धरणातलं पापलेट

(पानशेतच्या वाटेवर धरणाकाठचं एक रिसॉर्ट. रविवार, सकाळचे अकरा. पाण्याशेजारी दोन खुर्च्या, दोन गळ.)

हिंदुराव : अभयराव, गळाला लावलंय काय तुम्ही?

अभय : पनीर.

हिंदुराव : पनीर.

अभय : गांडूळ मला हातात धरवत नाही. शिवाय त्याच्याही बाजूनं विचार करायला हवा.

हिंदुराव : जरा माशाच्या बाजूनं करा की. चार तास झाले. त्यानं जन्मात पनीर बघितलेलं नसंल.

अभय : तीन तास चाळीस मिनिटं.

हिंदुराव : ते जॅकेट तरी काढा. काठावर खुर्चीत बसून माणूस बुडला, असं आमच्या वारज्यात काय, कुठंच ऐकलेलं न्हाय.

अभय : फलकावर लिहिलंय, 'परिसरात लाईफ जॅकेट अनिवार्य.' परिसरात खुर्ची आलीच.

हिंदुराव : बघा, वहिनी पडल्या परत त्या बनाना राईडवरून.

अभय : तिसऱ्यांदा. पहिल्यांदा पडली तो अपघात. पुढच्या दोन्ही वेळा हौस.

हिंदुराव : आणि पोरं कुठं दिसंनात?

अभय : जेट-स्कीवर. शेफाली चालवतेय, तुमचा रविराज मागे बसून ओरडतोय. पुढचा संसार कसा होणार, ते इथून स्वच्छ दिसतंय.

हिंदुराव : संसार व्हायला आधी लग्न व्हायला पायजे. आई अजून हो म्हणलेली न्हाय.

अभय : तेच विचारायचं होतं. त्यांची नेमकी हरकत कशाला?

हिंदुराव : तुम्हाला.

अभय : मला?

हिंदुराव : म्हणजे, पोरगी गुणाची हाय म्हणते. पण तिचा बाप सदाशिव पेठेतला. आपल्या पंगतीला बसायचा न्हाय, नाक मुरडायचा, आणि दोन्हीकडनं पोरगीच कात्रीत सापडायची. म्हणून मी आपलं बोलून गेलो...

अभय : की अभयरावांना मासेमारीचा नाद आहे.

हिंदुराव : लहानपणापासून, असं म्हणालो.

अभय : हिंदुराव, लहानपणापासून मला फक्त पित्त आहे.

हिंदुराव : चुकलंच माझं. पण आता ती मसाला वाटून बसलीय. पाव्हणं काय धरून आणतात बघू, म्हणाली. जेवणं झाली की काय ते सांगणार. एक तरी मासा घावला पायजे.

अभय : त्याची व्यवस्था झालेली आहे.

हिंदुराव : कसली व्यवस्था?

अभय : माझ्या खुर्चीखाली डबा आहे. उघडा. हळू, तुमच्या मातोश्री चुलीपाशीच आहेत.

हिंदुराव : ...अहो, हे काय?

अभय : मासे. तीन. काल कॅम्पात जाऊन स्वतः आणले. माझा चेहरा बघून मासेवाली म्हणाली, "काका, डॉक्टरनी सांगितलंय का?"

हिंदुराव : आणि त्यातनं नेमकं हे घेतलंत?

अभय : मला माशांत हे एकच नाव ठाऊक होतं.

हिंदुराव : अभयराव, हे पापलेट हाय.

अभय : हो. चांगलं असतं म्हणतात.

हिंदुराव : पापलेट समुद्रात असतं.

अभय : फक्त?

हिंदुराव : फक्त. ह्या धरणात कटला, रोहू, मरळ, चिलापी. पापलेटाला हिथं यायचं तर ताम्हिणी घाट चढून यावं लागंल.

अभय : मासा पाण्यात असतो, इथपर्यंत माझी तयारी होती.

हिंदुराव : आणि ह्याच्या अंगावर ह्या चिरा कसल्या?

अभय : तिनंच विचारलं, साफ करून देऊ का. म्हटलं द्या. गाडीत घाण कशाला?

हिंदुराव : म्हणजे पोट साफ केलेलं, मसाला भरायला चिरा पाडलेलं समुद्रातलं पापलेट तुम्ही धरणात गळ टाकून धरलं. बर्फासकट.

अभय : तुमच्या मातोश्रींना दिसतं कितपत?

हिंदुराव : दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता समोरच्या सोसायटीत कोण काय जेवतंय, तेबी दिसतं. शिवाय माहेर तिचं हिथलंच. आली बघा. झाका डबा.

कांताबाई : झाकताय कशाला? बघू की.

हिंदुराव : आई, पाव्हण्यांच्या हाताला यश हाय. तीन घावली.

कांताबाई : व्हय? कुठं घावली?

अभय : इथेच. समोर. जरा डावीकडे.

कांताबाई : डावीकडं.

हिंदुराव : लई ताकदीची होती. दोघांनी मिळून वढली.

कांताबाई : पोटात तर काईच न्हाई ह्यांच्या. उपाशीच व्हती वाटतं.

अभय : आई, थांबा. हे मी धरलेले नाहीत, विकत आणलेत. मला गळ टाकता येत नाही. मासेमारीचा नाद तर मुळीच नाही. आम्ही चातुर्मासात कांदासुद्धा खात नाही.

कांताबाई : ठावं हाय.

हिंदुराव : कधीपास्नं?

कांताबाई : सकाळपास्नं. नाद असल्याला माणूस मासा लागावा म्हणून बसतो. हे पाव्हणं लागू नये म्हणून हात जोडून बसलं व्हतं.

हिंदुराव : मग आता जेवायचं काय?

कांताबाई : तुमच्या जिवावर चूल पेटवली असती व्हय मी? माझा भाचा समाधान पहाटंच दोन कटले देऊन गेला. रस्सा झालाबी. ह्यांच्या मंडळी मगाशी वाटीभर पिऊन गेल्या. मीठ कमी हाय म्हणाल्या.

अभय : कोण? निशा?

कांताबाई : कमीच व्हतं.

अभय : निशा मासे खाते?

कांताबाई : ते तुमचं तुमी बघा. लेक तर दोन वर्सं झाली, दर बुधवारी आमच्यात जेवती. काटा काय सुरेख काढती.

अभय : बुधवारी तिचा फ्रेंचचा क्लास असतो.

हिंदुराव : असतो की. आमच्या स्वयंपाकघरात.

कांताबाई : त्या दोघींचा सवाल कवाच न्हवता. सवाल तुमचा हाय. उद्या जत्रंला आमच्या दारात पंगत बसली, मटणाची. तुमी काय करनार?

हिंदुराव : खातील गं आई, हळूहळू सवय होऊन—

कांताबाई : तू गप. त्यांना तोंड हाय.

अभय : खाणार नाही. एक घास घ्यायचाच, असं घरून ठरवून निघालो होतो. पण डबा उघडला तेव्हाच कळलं, ह्या जन्मात जमणार नाही.

कांताबाई : मग?

अभय : बसेन. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत बसेन.

कांताबाई : असं तोंड करून?

अभय : तोंड जन्मापासून असंच आहे. त्यात तुमच्या पंगतीचा काही दोष नाही.

कांताबाई : चला मग. पिठलं-भाकरी निराळ्या चुलीवर केलीय. निराळ्या भांड्यात.

हिंदुराव : आई, ते ठीक हाय. पण पोरांना मी काय सांगू?

कांताबाई : पाण्याभाईर या म्हणावं, जेवाण गार व्हतंय. आन् तू सरक तिकडं, मधी बसू नगंस. व्याह्यांना माझ्या शेजारी बसू दे.