लांडग्याची वकील

स्तामेन : ...आणि माझीच पोरगी त्याची बाजू मांडणार? दोब्रिंकाबाई, परवा लांडग्यानं माझी सगळ्यात दुभती मेंढी फाडली. अख्ख्या गावाला ठाऊक आहे!

दोब्रिंकाबाई : मलाही ठाऊक आहे, स्तामेन. पण हा पुस्तकातला लांडगा. कोकरू पळवतो आणि तिथंच पुस्तक संपतं. वर्गातली मुलं म्हणाली, त्याच्यावर खटला भरू. मग मुखवटे केले, लोकरीची मेंढरं केली...

स्तामेन : लोकर आमच्याच घरची दिसतेय.

यागोदा : आईनं दिलीय, बाबा. आणि कोर्टात ओरडायचं नसतं.

स्तामेन : तू गप्प! लांडग्याची वकील म्हणे!

यागोदा : कुणीच होत नव्हतं त्याचं वकील. मग मी झाले.

दोब्रिंकाबाई : आलाच आहात तर साक्ष द्या ना. खराखुरा लांडगा पाहिलेलं दुसरं कोण आहे इथं?

स्तामेन : ह्या एवढ्याशा खुर्चीत बसून? मोडेल हो.

यागोदा : उभं राहिलं तरी चालतं. साक्षीदार, लांडगा जाडा होता की रोड?

स्तामेन : मादी होती. बरगड्या वर आलेल्या.

यागोदा : म्हणजे उपाशी.

स्तामेन : म्हणून माझी मेंढी खायची?

यागोदा : प्रश्न मी विचारणार. तुमच्या हातात बंदूक होती?

स्तामेन : होती.

यागोदा : मग झाडली का नाही?

स्तामेन : सांगितलंय ना सगळ्यांना. अडकली.

यागोदा : बाबा, इथं शपथ घेऊन बोलायचं असतं.

स्तामेन : मी कुठं घेतलीय शपथ?

यागोदा : मग आता घ्या.

(स्तामेन टोपी काढतो.)

स्तामेन : अडकली नव्हती. तिच्या मागं झुडपात दोन पिल्लं होती. आईकडं टकामका बघत बसलेली. माझं बोटच हलेना. गुत्त्यावर हे बोललो असतो, तर वर्षभर हसले असते मला.

दोब्रिंकाबाई : इथलं इथंच राहील. काय रे मुलांनो?

यागोदा : राहील! बाई, माझे प्रश्न संपले.

दोब्रिंकाबाई : मग निकाल काय, न्यायमूर्ती मिलेन?

यागोदा : तो म्हणतोय, आधी डब्यातली चीज भरलेली बनित्सा खाऊ. उपाशीपोटी निकाल सुचत नाही.

स्तामेन : शहाणा आहे. पण बाई, तुमच्या खटल्यात पिल्लं कुठायत?

दोब्रिंकाबाई : पुस्तकात नाहीत हो.

स्तामेन : नसू देत. कान मोठे असतात त्यांचे, तोंडाला न शोभणारे. यागोदा, सरक जरा. कात्री दे. पुठ्ठा आहे ना अजून? दोन लागतील.